झाकलेला सांधा

दुसऱ्याने केलेली चूक आपल्या हाती आली आणि ती चूक आहे हे आपल्याला कळले, तर ती निस्तरण्याची जबाबदारी कोणाची? चूक करणाऱ्याची, असे आपण चटकन म्हणून जातो. परंतु चूक करणारा आज हयात नसेल, किंवा आपण चूक करीत आहोत याची त्याला कल्पनाही नसेल, तर? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही जे उदाहरण घेत आहोत ते आमच्या वाचकांना दूरचे वाटेल. ते आहे अमेरिकेतील ‘हॉट रॉड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारींचे.

जुनी, वजनाने हलकी, बहुधा फोर्ड बनावटीची गाडी घ्यावी, तिचे मडगार्ड आणि इतर ओझे उतरवावे, पुढची बाजू जमिनीलगत आणावी, अधिक ताकदीचे इंजिन बसवावे आणि ती सुसाट पळवावी, असा हा छंद. त्याची सुरुवात १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात झाली. मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण मंडळी आपापल्या गाड्यांचा वेग अजमावीत. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन एक संघटनाही स्थापली. दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला भरती आली आणि शर्यती भर रस्त्यावर होऊ लागल्या. लोक संतापले. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली, ती या पोरांना रस्त्यावरून उचलून नियमांच्या धावपट्टीवर आणण्यासाठीच. तेव्हा सुरक्षिततेचा प्रश्न या छंदाला नवा नाही. तो त्याच्या जन्मापासून चिकटलेला आहे.

या छंदात विशेष मान आहे तो १९३२ च्या फोर्डला. तिच्यातील आठ सिलिंडरचे इंजिन होते ६५ अश्वशक्तीचे, आणि ब्रेक होते सळ्या ओढून लावायचे. फोर्डने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले ते १९३९ च्या गाड्यांत. पुढची दोन चाके एका अखंड लोखंडी ॲक्सलला जोडलेली असत. त्यावर गाडीच्या रुंदीत आडवी बसवलेली पाट्यांची स्प्रिंग असे. आपल्या मालट्रकखाली जे पाटे दिसतात त्यांचीच ही जात, फक्त ट्रकमध्ये ते लांबीच्या दिशेने असतात. ॲक्सल मागेपुढे सरकू नये म्हणून त्याच्या दोन टोकांकडून निघालेले दोन दांडे मागे एका बिंदूत मिळत आणि तेथे एका गोल सांध्यावर टेकत. एक चाक खड्ड्यात गेले की सगळा त्रिकोण त्या एका सांध्याभोवती कलंडे, आणि कोणत्याही भागावर पीळ पडत नसे. त्या वेगाला, त्या वजनाला आणि त्या रस्त्यांना ही रचना पुरेशी होती, नव्हे, तिच्या साधेपणात मोठे शहाणपण होते.

नंतर काय झाले? मोठ्या इंजिनाला जागा हवी म्हणून तो त्रिकोण मधोमध कापला गेला आणि दोन्ही दांडे सुटे करून चासीच्या दोन बाजूंना जोडले गेले. आता एक चाक वर उचलले गेले की ॲक्सलची दोन टोके दोन वेगवेगळ्या कोनांत फिरू पाहतात. मूळचा घडीव ॲक्सल थोडासा पीळ सहन करी. त्याच्या जागी दिसायला देखणा नळीचा ॲक्सल आला की तो पिळायला नकार देतो, आणि सारा ताण जाऊन बसतो तो वेल्डिंग केलेल्या लहानशा ब्रॅकेटवर. गाडी आणखी खाली बसावी म्हणून कोणी स्प्रिंगचे पाटे ज्योतीने तापवले. पाणी उतरलेले पोलाद पुन्हा पूर्वीसारखे उसळत नाही. स्टिअरिंगचा दांडा ज्या कमानीत फिरतो आणि ॲक्सल ज्या कमानीत हलतो त्या दोहोंचा मेळ राहिला नाही, म्हणजे खड्डा आला की चालकाने चक्र स्थिर धरले असतानाही गाडी आपण होऊन वळते. आणि हे सगळे झाकायला वरून क्रोमियमचा मुलामा!

या मुलाम्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. विजेच्या साहाय्याने मुलामा चढवताना हायड्रोजन वायूचा अंश धातूत शिरतो. पोलाद जितके कणखर, तितका हा अंश त्याला अधिक बाधतो आणि ते ठिसूळ होते. मुलाम्यानंतर तो भाग लगेच भट्टीत ठराविक काळ तापवला तर दोष बव्हंशी निघून जातो; पण ते न करता चकचकीत बोल्ट जागेवर बसवला, तर एखाद्या दिवशी तो पूर्वसूचना न देता तुटू शकतो. येथे चकाकी दोष झाकते एवढेच नव्हे, ती दोष उत्पन्नही करते.

आता समजा, अशी एक गाडी कोणी गृहस्थाने प्रदर्शनात पाहून, भुलून, विकत घेतली. घरी आणून चाके काढल्यावर त्याला हे सारे दिसले. ब्रॅकेटच्या मुळाशी केसासारखी चीर आहे. महत्त्वाचा बोल्ट एकाच बाजूने धरलेला आहे. टायरची हवा गेली तर चाकाच्या रिमपेक्षाही खाली लोंबणारा एक भाग रस्त्यात रुतेल अशी स्थिती आहे. ज्याने हे काम केले त्याचा पत्ता नाही. विक्रेत्याने कागदावर लिहून दिले आहे की गाडी ‘जशी आहे तशी’ दिली. गृहस्थापुढचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चाके पुन्हा चढवावीत आणि त्याच तीन शब्दांवर गाडी पुढे ढकलावी.

हे तीन शब्द फार जुने आहेत. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सिसेरोने याच प्रश्नावर दोन स्टोइक विचारवंतांचे मतभेद मांडले आहेत. एक मनुष्य घर विकतो. ते आतून कुजलेले आहे हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो की त्याने कोणाला घेण्याची सक्ती केलेली नाही, दोषांचा पाढा विक्रेत्यानेच का वाचावा? त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो की चुकलेल्या वाटसरूला वाट न दाखवण्याहूनही हे वाईट, कारण येथे माणसाला जाणूनबुजून चुकू दिले जाते. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा धागा पुढे नेला. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसतेच. परंतु जो दोष लपलेला आहे आणि ज्यातून धोका किंवा नुकसान संभवते, तो न सांगता विकणे त्यांनी अन्याय्य ठरवले. त्यांचे आणखी एक म्हणणे आम्हांला अधिक मोलाचे वाटते: विकताना विक्रेत्याला दोष ठाऊकच नसेल तर तो पापी ठरत नाही, पण दोष पुढे त्याच्या ध्यानात आला की त्या क्षणापासून भरपाई करण्यास तो बांधला जातो. म्हणजे कर्तव्य चूक करण्यातूनच उपजते असे नाही. ते चूक कळण्यातूनही उपजते. ‘निर्गम’च्या एकविसाव्या अध्यायातील मारक्या बैलाचा नियम हाच. बैल मारका आहे हे धन्याला पूर्वी सांगितलेले होते की नव्हते, यावर त्याची शिक्षा अवलंबून आहे.

मोठ्या कारखानदारांच्या बाबतीत हा विचार अमेरिकेत कायद्यात उतरला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी मोटारींच्या सदोष रचनेवर घणाघाती पुस्तक लिहिले आणि १९६६ साली मोटार-सुरक्षेचा कायदा झाला. (त्या पुस्तकाने विशेष झोडपलेली शेव्हरोले कॉर्व्हेअर ही गाडी समकालीन गाड्यांहून अधिक धोक्याची नव्हती, असा निर्वाळा १९७२ च्या सरकारी अहवालाने दिला, हेही नमूद करणे न्यायाचे.) परंतु घरामागच्या शेडमध्ये एकुलत्या एक घडलेल्या गाडीला कारखानदार नसतो, आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत खाजगी मोटारींची ठराविक काळाने यांत्रिक तपासणीही सक्तीची नाही. न्यूझीलंडमध्ये अशा फेरफार केलेल्या गाडीला अधिकृत तपासनिसाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्याची पट्टी गाडीवर बसवली जाते. जेथे अशी पट्टी नाही, तेथे तपासनीस एकच, आणि तो म्हणजे चाक काढून आत डोकावलेला मालक.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. माझी गाडी, माझा जीव. धोका पत्करण्याचे स्वातंत्र्य मला आहे की नाही? आहे, असे आम्ही म्हणू. गिर्यारोहकाला आपण अडवीत नाही. मात्र गिर्यारोहकाचा दोर तुटला तर बहुधा तोच पडतो. समोरून येणाऱ्या गाडीत बसलेल्या कुटुंबाने या ब्रॅकेटची जोखीम कधी पत्करली होती? त्यांना तर ते ब्रॅकेट अस्तित्वात आहे हेही माहीत नाही.

म्हणून आमच्या गृहस्थाने गाडी पुन्हा मुळापासून बांधायला घेतली असे समजू. येथे त्याच्यापुढे दुसरा मोह उभा राहतो आणि तो पहिल्यापेक्षा सूक्ष्म आहे. सूचीपत्र उघडावे, सर्वांत महाग सुटे भाग मागवावेत आणि काम उत्तम झाले असे मानावे. पण सस्पेन्शन ही सुट्या भागांची बेरीज नव्हे. ते परस्पर-संबंधांचे गणित आहे. चार समांतर दांड्यांची रचना केली तर ॲक्सल पीळ न पडता वर-खाली होतो. परंतु आडव्या स्प्रिंगवर तो बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा दांडा लागतो. आणि त्या दांड्याची लांबी व कोन स्टिअरिंगच्या आडव्या दांड्याशी जुळला पाहिजे, तरच दोन्ही एकाच कमानीत फिरतात. प्रत्येक भाग निर्दोष असूनही हा मेळ नसेल, तर गाडी पूर्वीइतकीच घातक. म्हणून काही कापण्यापूर्वी कारागीर जमिनीवर रेघा आखतो, स्प्रिंग काढून चाक हाताने पूर्ण वर व पूर्ण खाली नेतो आणि प्रत्येक ठिकाणी चाकाचा कोन मोजून वहीत लिहितो. बोल्ट दोन्ही बाजूंनी धरला जाईल असे ब्रॅकेट करतो. वेल्डिंगचा उंचवटा घासून गुळगुळीत करीत नाही, कारण त्या घासण्यात सांध्याचे बळही निघून जाते आणि पुढच्या माणसाला तो सांधा तपासताही येत नाही. या कामात महिनेच्या महिने जातात. प्रदर्शनात बक्षीस मिळते ते बहुधा रंगाला.

काही जुने शौकीन अशा पुनर्बांधणीवर नाराज असतात. त्यांच्या मते गाडीचा इतिहास पुसला जातो. कोण्या एका विशीतल्या पोराने उधारीच्या वेल्डिंग-यंत्रावर केलेले ते काम हाच तिचा आत्मा. या म्हणण्यात तथ्य आहे. त्या पोराला गुन्हेगार ठरवणे आम्हांलाही मान्य नाही. त्याच्यापाशी होते तेवढ्या ज्ञानात त्याने जीव ओतून काम केले, आणि आजचा कारागीर जे जाणतो त्यातले बरेचसे त्या पिढीच्या मोडलेल्या गाड्यांनीच शिकवले आहे. त्याचे काम छायाचित्रात जपावे, भिंतीवर टांगावे. रस्त्यावर मात्र ते जाऊ नये.

आणि भिंतीवर टांगायचे नसेल तर? काढलेल्या जुन्या भागांनाही गिऱ्हाईक असते. अमेरिकेत जुन्या भागांचे मोठमोठे बाजार भरतात, आणि खाली वाकवलेल्या जुन्या ॲक्सलला तेथे चांगली किंमत येते. चिरलेल्या ब्रॅकेटसह तो तेथे मांडला, तर कोणीतरी नवा पोरगा तो घासून, मुलामा देऊन, आपल्या गाडीखाली बसवणार. खर्चाने वाकलेल्या गृहस्थाला ते पैसे हवेच असतात. आमच्या मते त्याने तो ॲक्सल विक्रीला काढण्याऐवजी करवतीखाली धरावा आणि दोन तुकडे भंगारात टाकावेत.