दोन सूर्यांचे चित्र

एप्रिल १८२७ मध्ये, वायमारच्या आपल्या घरी, वृद्ध जर्मन कवी गटेने एकरमान या तरुण सहकाऱ्यापुढे चित्रकार रूबेन्सच्या एका निसर्गचित्राची छापील प्रत ठेवली. शेतावरून घरी परतणारे मजूर, मेंढ्यांचा कळप, वृक्षांचा गर्द समूह. एकरमान त्या दृश्यात रमून गेला. मग गटे एकेक प्रश्न विचारू लागला: या माणसांवर उजेड कुठल्या बाजूने पडतो, त्यांच्यामागची भूमी इतकी काळोखी कशाने झाली? उत्तरे देता देताच एकरमानच्या ध्यानी आले, की माणसांच्या सावल्या चित्राच्या आत पडतात आणि वृक्षांची सावली मात्र पाहणाऱ्याच्या दिशेने येते. एकाच आकाशाखाली परस्परविरुद्ध दिशांचे दोन प्रकाश! रूबेन्सची थोरवी गटेला नेमकी तिथेच दिसली.

मला या प्रसंगात सर्वांत विलक्षण वाटते ती एकरमानची पहिली, निःशंक नजर. कारण ती आपल्या सर्वांची आहे. नाना कोनांत मांडलेल्या ठोकळ्यांपैकी एकावरच भलत्या दिशेने उजेड पडलेला असला, तर तो हुडकताना पाहणारे अडखळतात, असे ऑस्ट्रोव्स्की, कॅव्हाना आणि पवन सिन्हा या दृष्टिसंशोधकांनी २००५ मध्ये प्रयोगांतून दाखवले. सृष्टीत सूर्य एकच असल्याने त्याच्या एकत्वाची पडताळणी करण्याचा प्रसंग डोळ्यांवर युगानुयुगे आलाच नसावा. सावलीकडून त्यांना हवा असतो वस्तूचा उठाव आणि तिचे जमिनीवरचे ठाण, आणि तेवढे हाती आले की सावलीला ते निरोप देतात. दृष्टीचे सारे अगत्य वस्तूंशी; प्रकाशाला तिने गृहीतच धरले आहे.

या गृहीताच्या आश्रयाने चित्रकार मुक्त झाला, तसाच बनावट छायाचित्रे घडवणाराही. शिवाय खोट्याला सहज स्वीकारणारी हीच नजर संशयाने ग्रासली की खऱ्यालाही नाकारते. केनेडींच्या हत्येचा आरोप असलेल्या ऑस्वाल्डचे, अंगणात बंदूक धरून उभे असलेले १९६३ चे छायाचित्र, सावल्या जुळत नाहीत म्हणून कित्येकांनी बनावट ठरवले. २००९ मध्ये प्रतिमांची सत्यता तपासणारे संगणकशास्त्रज्ञ हॅनी फरीद यांनी संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती उभारून त्या सावल्या एकाच सूर्याच्या असू शकतात, हे दाखवले. केवळ डोळ्यांच्या भरवशावर विसंबले, तर श्रद्धा आणि संशय दोन्ही सारखीच आंधळी ठरतात.

म्हणूनच गटेची ती रीत मला मोलाची वाटते. प्रकाश कुठून येतो, या प्रश्नाने एकरमानच्या आनंदात काही उणे झाले नाही. तेच चित्र त्याला दोनदा लाभले, एकदा डोळ्यांना आणि एकदा बुद्धीला. पहिला लाभ निसर्गाने आपल्याला जन्मतःच दिला आहे. यंत्रे क्षणोक्षणी प्रतिमा घडवू लागली असताना दुसरा मात्र ज्याचा त्यानेच, प्रश्न विचारून, कमवायचा आहे.