उद्याचे गुण कोणी द्यावेत?



बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा जणू चुलतभाऊ. अमेरिकेत या खेळात ‘स्काउट’ नावाचा एक पेशा आहे. स्काउट म्हणजे होतकरू मुले हेरणारा माणूस. स्टॉपवॉच आणि चेंडूचा वेग मोजणारे यंत्र घेऊन तो शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर फिरतो आणि व्यावसायिक क्लबला अहवाल पाठवतो. फलंदाजी, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक या पाच गोष्टींना तो २० ते ८० यांदरम्यान गुण देतो. ५० म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा सरासरी खेळाडू. गंमत अशी की, प्रत्येक गोष्टीपुढे दोन आकडे असतात. एक आजचा, दुसरा उद्याचा.

आजचा आकडा डोळ्यांना दिसतो. उद्याचा कुठून येतो?

१९८० साली बिली बीन या शाळकरी मुलावर स्काउट अक्षरशः भाळले होते. उंच, चपळ, देखणा! न्यूयॉर्क मेट्स क्लबने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. परंतु सर्वोच्च पातळीवर तो जेमतेम १४८ सामने खेळला आणि १९९० साली खेळ सोडून त्याने स्वतःच स्काउटची नोकरी मागून घेतली. याउलट १९८८ साली माईक पियाझा याची निवड थेट ६२व्या फेरीत झाली, तीही वडिलांच्या मित्राच्या शब्दाखातर. तोच पियाझा २०१६ साली बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जाऊन बसला.

ॲरिस्टॉटल म्हणतो की, बीजामध्ये वृक्ष होण्याची क्षमता दडलेली असते. खरे आहे. पण आंब्याच्या कोयीतून आंबाच येतो. माणसाचे तसे नाही. त्याला मन आहे, भीती आहे, स्वातंत्र्य आहे. त्यामुळे उद्याचा आकडा हे ज्ञान नसते, ती आशा असते.

मग गुण देणेच चुकीचे का? मला तसे वाटत नाही. ज्याच्याकडे कौशल्य नाही, त्याला ‘तू मोठा खेळाडू होशील’ असे गोड बोलून झुलवत ठेवणे ही दया नव्हे. प्रामाणिक मूल्यमापन हासुद्धा माणसाचा सन्मानच आहे. खरा नैतिक प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातील मुलांशी अमेरिकन क्लब सोळाव्या वर्षी करार करू शकतात. त्यासाठी कित्येक मुले बारा-तेराव्या वर्षीच शाळा सोडून दिवसभर सराव करतात. त्यांना घडवणारे स्थानिक प्रशिक्षक कराराच्या रकमेतून आपला वाटा घेतात. गरीब घराची सारी आशा एका कोवळ्या हातावर टांगलेली असते. यांपैकी बहुतेक मुले सर्वोच्च पातळीपर्यंत पोहोचत नाहीत. अलीकडे क्लबांच्या अकादम्यांत शिक्षणाचीही सोय होऊ लागली आहे, हे चांगले आहे. पण ज्याला कुणी करारच दिला नाही, त्या अठरा वर्षांच्या मुलाचे काय? खेळही गेला आणि शाळाही.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट या तत्त्ववेत्त्याने बजावले. त्याला जोडून मी एवढेच म्हणेन: दुसऱ्याच्या मनात जो आशा जागवतो, त्याच्यावर त्या आशेची जबाबदारीही येते. पारख चुकणे हा दोष नाही. ती बीनच्या बाबतीत चुकली, पियाझाच्याही. परंतु पारख चुकल्यावर मुलाला परत फिरायला वाट न ठेवणे हा दोष आहे.

हे लिहिताना मला माझेच टेबल आठवते. आपल्या तरुणांसाठी वर्षभर मी शिफारसपत्रे लिहितो. ‘हा मुलगा पुढे नाव काढील’ हे वाक्य लेखणीतून किती सहज उतरते! तोही उद्याचा आकडाच. नाव काढले, तर पेढे घेऊन तो माझ्याकडे येतो. नाही काढले, तर मला टाळून मागच्या दाराने निघून जातो. अशा मुलाच्या घरी मी किती वेळा गेलो? उत्तर फारसे अभिमानास्पद नाही.

आईवडिलांनो, शिक्षकांनो, आपणही आपापल्या घरात, वर्गात असे आकडे देत असतो. ते जरूर द्या. मात्र आकडा खोटा ठरला, तरी मूल खोटे ठरत नाही, हे त्याला आपल्या तोंडून ऐकू येऊ द्या.

आपला स्नेहांकित,
प्रमुख धर्मगुरू