स्नायूंची साक्ष

जमिनीवरून उठताना ती आधी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवते, मग ओट्याची कड धरून स्वतःला वर ओढते. एसटीच्या पहिल्याच पायरीला तिला दांडीचा आधार लागतो. मांड्यांत बळच उरले नाही, असे ती सांगते. घरचे म्हणतात, वय झाले. दवाखान्यात ऐकायला मिळते, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत. ‘ड’ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असलेल्या कित्येकांची कहाणी अशीच सुरू होते. या कमतरतेत मांड्या, नितंब आणि खांदे यांचे मोठे स्नायू आधी दुबळे होतात; झटक्यात जोर लावणारे त्यांच्यातले तंतू बारीक होत जातात.

तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, की स्कॅनचे चित्र हाती येईपर्यंत थांबायचे?

प्रश्न वैद्यकाचा वाटतो, पण भारतीय दर्शनांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला आहे. चार्वाकांनी प्रत्यक्ष हे एकच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. गौतमाच्या न्यायसूत्रांनी चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आज एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली, की डॉक्टर, रुग्ण, नातेवाईक सगळेच चार्वाकांच्या बाजूला जातात. दिसले ना, मग खरे.

पण फिल्मवर दिसते ते प्रत्यक्ष असते का? चुंबकीय क्षेत्रात शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत येतात आणि संगणक त्यांतून चित्र रचतो. टी-1 पद्धतीच्या चित्रात निरोगी स्नायू करडा दिसतो, चरबी पांढरी. करड्या मांडीत पांढऱ्या रेघा शिरल्या, की स्नायूत चरबी साठली असे समजायचे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचे अनुमान याच जातीचे. आणि धुक्याला धूर समजले तर ते फसते, हेही त्यांनीच बजावले. पांढऱ्या रेघा वयाने येतात, अंथरुणाला खिळल्याने येतात, मज्जातंतूंच्या आजारांतही येतात. कारण कोणते, हे त्या रेघा सांगत नाहीत.

2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 16 ते 22 वर्षांच्या 90 तरुणींचा सीटी स्कॅनवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातले ‘ड’ जितके कमी, तितकी स्नायूंतली चरबी जास्त, असे त्यात आढळले. स्नायूंच्या आकारमानाशी मात्र संबंध दिसला नाही. उन्हाच्या प्रदेशातल्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या या मुली. अभ्यासाने संबंध दाखवला. कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही.

न्यूकॅसलच्या संशोधकांनी 2013 मध्ये वेगळी वाट घेतली. तीव्र कमतरता असलेल्या 12 जणांच्या पोटरीला व्यायाम देऊन, खर्च झालेले फॉस्फोक्रिएटिन (स्नायूंतला ऊर्जेचा साठा) किती वेगाने भरून येते हे त्यांनी फॉस्फरसच्या चुंबकीय वर्णपटावर मोजले. निम्मी भरपाई व्हायला सरासरी सुमारे 34 सेकंद लागत होते. ‘ड’च्या उपचारानंतर सुमारे 28 लागले. थकवा कमी झाल्याचे सगळ्यांनीच सांगितले. अभ्यास लहान आहे, तरी त्यातली जुळणी लक्षात घेण्यासारखी आहे. यंत्राने सेकंदांत मोजले, ते रुग्ण आधीपासून बोलून दाखवत होते.

इथे चौथे प्रमाण पुढे येते. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त कोण? न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन सांगतात, ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांना हे लक्षण सारखेच लागू पडते, असेही ते नोंदवतात. मग स्वतःच्या मांड्यांचे बळ जिने रोज उठताबसता अजमावले, तिच्याइतका आप्त त्या खोलीत दुसरा कोण?

स्कॅन हवाच, जिथे त्याची गरज आहे तिथे. पण जमिनीवरून हात न टेकता उठता येते का, जिना चढताना कठडा धरावा लागतो का, हे दोन प्रश्न त्याआधी विचारावेत. उत्तर ऐकून घ्यावे आणि केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे. रक्ताची तपासणी त्यानंतर सांगावी.