नाक नमवा, जीव राखा

आधार : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७; १ पेत्र ५ : ६



कराडच्या विमानतळाच्या आसपास शेतांत राबणाऱ्यांस लहान विमानाची घरघर नवी नाही. खुरपणारी बाई क्षणभर मान वर करून पाहते व पुन्हा कामास लागते. पण ती घरघर आकाशातच एकाएकी थांबली तर?

ता. २५ जुलै २०२२ रोजी पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे असा प्रसंग घडला. बारामतीकडील एका शिकाऊ विमानात एक तरुण भगिनी एकटीच होती. वाटेत यंत्राचे बळ गेले व विमान एका शेतात येऊन आदळले. विमान मोडले, परंतु देवाच्या दयेने ती किरकोळ दुखापतीवर वाचली, आणि जवळचे ग्रामस्थ मदतीस धावून गेले.

इंजिन थांबताच विमान दगडासारखे पडते, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. वेग असेल तोवर वारा पंखांस तोलून धरितो. असे लहान विमान एक हजार फूट खाली येईपर्यंत सुमारे आठ-नऊ हजार फूट पुढे तरंगत जाऊ शकते. परंतु येथेच मोह आहे. जमीन जवळ येताना पाहून घाबरलेला हात विमानाचे नाक वर ओढू पाहतो. नाक वर गेले की वेग मरतो, वेग मेला की पंखांचा आधार सुटतो, आणि मग ते खरोखरच कोसळते. म्हणून वैमानिकांस शिकवितात की, नाक खाली करा, वेग राखा, आणि आवाक्यातले शेत निवडा. दूरच्या धावपट्टीचा लोभ धरू नका. हा धडा संकटाआधीच पुनःपुन्हा गिरवून घेतात.

आम्हांसही आमचे नाक फार प्रिय! पाऊस हुकला, घरचा कमावता आजारी पडला, म्हणजे संसाराचे इंजिनच थांबते. अशा वेळी झेपेल तेथे उतरावे. पण आम्ही काय करितो? चार लोकांत नाक कापले जाईल म्हणून व्याजाने रक्कम काढून मुलीचे लग्न वाजतगाजत करितो. बाहेरून उंची कायम दिसते. आतून वेग मेलेला असतो. पुढे जमीन गहाण पडते, व ऋणकरी लाजेने उपासनेसही येईनासा होतो. असे किती जण आमच्यामधून निघून गेले, आणि आम्ही कारणही विचारले नाही!

पौलाचे तारू आठवा. त्यावर २७६ जीव होते. वादळात त्यांनी गहू समुद्रात टाकिला आणि शेवटी तारू किनाऱ्याकडे लोटिले. तारू फुटले, पण कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सर्व जण जमिनीस लागले. देवाने जिवांचे अभिवचन दिले होते, तारवाचे नव्हे. तसेच, ज्या खलाश्यांनी तारू हाकावयाचे ते गुपचूप निसटू लागले, तेव्हा पौलाने त्यांस थांबविले. विश्वास म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे.

प्रत्येक विमान सुखरूप उतरते असे नाही. प्रत्येक कर्ज फिटते असेही नाही. बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू होईल, हा आमचा विश्वास नव्हे. वर असता व खाली येता आम्ही त्याच्याच हातात आहो, हा आमचा विश्वास होय. म्हणूनच नाक नमविण्यास भिण्याचे कारण नाही.

उपदेशक बंधूंनो, कडबनवाडीचे लोक धावले. मेलितातील लोकांनीही भिजलेल्यांसाठी शेकोटी पेटविली. आमच्या मंडळीत कोणी खाली उतरला, तर आम्ही त्यास हसतो की शेकोटी पेटवितो? साध्या लग्नाचा आरंभ पंचांनी स्वतःच्या घरापासून करावा. या आठवड्यात, न येणाऱ्या एका तरी घराची पायरी चढावी. उपदेश करण्यास नव्हे, तर विचारपूस करण्यास.

आमचा प्रभू स्वर्गाचे वैभव सोडून गव्हाणीपर्यंत खाली आला. त्याच्या मागे खाली उतरण्यात आम्हांस कसली लाज? तो आम्हांस नम्रता देवो, व योग्य वेळी आपल्या हाताने उंच करो. आमेन.