पोहे कुठल्या डब्यात आहेत?

मिसळणाचा डबा ही मला घरातली सर्वांत शहाणी वस्तू वाटते. मोहरी, जिरे, हळद, तिखट, धण्याची पूड: फोडणी करपायच्या आत जे जे लागतं ते एका झाकणाखाली, आणि डबा शेगडीशेजारी. वस्तू आकार पाहून नव्हे, काम पाहून लावायची, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चूल जमिनीवर होती तेव्हा पाटावरून न उठता हात पोचेल तेवढ्यात रोजचं सगळं असे, साठवणीचं माळ्यावर.

जर्मनीत हाच विचार हातात घड्याळ घेऊन झाला. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं आणि मिनिटं वाचावीत, हा हेतू. तांदूळ, साखर यांना नावं घातलेले अॅल्युमिनियमचे खण. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. (तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असं बाई पुढे मोकळेपणी सांगत.) पावलं वाचली, पण त्या खोलीत दुसऱ्या माणसाला धड उभं राहता येईना. काम सोपं झालं आणि एकटीचंच राहिलं.

आपल्याकडे खोली मोठी असली तरी गोष्ट तीच. सगळी मांडणी एकीच्या डोक्यात असते. ती दोन दिवस माहेरी गेली की फोन सुरू: पोहे कुठल्या डब्यात? गाळणं कुठंय? एकसारखे स्टीलचे डबे तिला वासानं आणि वजनानं कळतात, बाकीच्यांना उघडून पाहावे लागतात. हल्लीच्या मॉड्युलर किचननं यात भरच घातली. एका रंगाच्या दारांमागे सगळं गडप, पाहुण्यांनी पाहून जावं म्हणून. अशा नीटनेटकेपणाला मी सोय म्हणणार नाही. घरातल्या कुणालाही न विचारता वस्तू सापडली आणि वापरून जागेवर गेली, तर ती सोय.

त्याला फारसा खर्च नाही. रोजचं कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या फळ्यांवर, कुकर आणि गव्हाचा डबा खाली, दिवाळीची भांडी वर. मुलाची ताटली त्याच्या हाताला येईल अशी. आणि डब्यांवर नावं, ठळक अक्षरांत.

एवढं करूनही कुणी ‘पोहे कुठे आहेत?’ असं विचारलंच, तर बायांनो, उठून देऊ नका.