नवरीला कुणी काही विचारलं का?

आमच्या भागात मुलगी ‘करतात’ आणि मुलगी ‘देतात’. ‘थोरल्याला पाटसची केली’, ‘धाकटीला वरवंडला दिली’, ‘सगळ्या पोरी उजवल्या, आता मोकळा झालो’. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत मागं टाकून भांडगावात उतरा आणि कुठल्याही ओट्यावर घटकाभर बसा, ही वाक्यं कानावर पडतीलच. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. माझ्या वडिलांनीही मला अशीच ‘दिली’, आणि देताना ते लहान मुलासारखे रडले. पण या सगळ्या वाक्यांत करणारा कुणी दुसरा असतो आणि मुलगी कर्माच्या जागी बसलेली असते. ‘तिनं लग्न केलं’ असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा तिनं घरच्यांना न सांगता केलेलं असतं तेव्हा, आणि तेव्हा म्हणणाऱ्याचा आवाज खाली आलेला असतो.

माझं लग्न भांडगावात, घरापुढच्या मांडवात, १९९४ च्या मे महिन्यात लागलं. त्याची पहिली आठवण हातांची आहे. आदल्या दिवशी कासारीण हिरवा चुडा भरायला आली. माझी बोटं एकत्र आवळून, अंगठ्याचं हाड दाबून ती बांगडी पुढं सरकवत होती आणि सारखं म्हणत होती, “हात सैल सोड, पोरी. घट्ट धरलास तर वाढंल ती.” बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. मी हात सैल सोडला, आणि त्यानंतर दोन दिवस मी सगळंच सैल सोडलं. आत्या म्हणाली, खाली बघ. मामी म्हणाली, पदर सावर. भटजी म्हणाले, उजवा हात पुढं. फोटोवाला म्हणाला, मान जरा तिरकी. दुपारी म्हणाले, रडू नको, काजळ फिसकटेल. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी त्याच बायका म्हणाल्या, रड की गं थोडं, लोक काय म्हणतील!

कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की त्या दोन दिवसांत माझ्याशी बोललं गेलेलं जवळजवळ प्रत्येक वाक्य आज्ञार्थी होतं. एक अपवाद आठवतो. करवली म्हणून कलश धरून उभी असलेली माझी नऊ वर्षांची चुलतबहीण मधेच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “ताई, तुला पाणी पाहिजे का?” अख्ख्या लग्नात मला विचारलेला तेवढाच प्रश्न. मला पाणी हवं होतं.

कुणी म्हणेल, प्रश्न तर विचारतात, बघायला येतात त्या दिवशी. विचारतात ना. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, शेतातलं जमेल का. पण ती परीक्षा असते. त्या प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्यांच्या निर्णयासाठी असतात, मुलीच्या निर्णयासाठी नसतात. अंतरपाट धरला गेला तेव्हा पलीकडच्या माणसाला मी दोनदा पाहिलं होतं, बघण्याच्या कार्यक्रमात आणि साखरपुड्यात. मंगलाष्टका चालू असताना कापडाखालून मला त्याचे फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांकडे बघत राहिले. तो माणूस चांगला निघाला, आजही आम्ही सुखात आहोत. तरी हे लिहिते आहे, कारण चांगला निघणं हा माझ्या नशिबाचा भाग झाला, रीतीचा नव्हे.

आज हमरस्त्याच्या कडेला मंगल कार्यालयं झाली आहेत. नवरी शालूचा रंग स्वतः निवडते, मेकअपवाली स्वतः ठरवते, फुलांच्या छत्रीखालून स्टेजवर येते, वर ड्रोन फिरत असतो. बरं वाटतं बघून. मात्र मुहूर्त बारा पस्तीसचा असतो आणि लग्न लागतं दोनला, कारण मधे शुभाशीर्वाद असतात. माईकवर एकेका मान्यवराचं नाव पुकारलं जातं, शाल, श्रीफळ, फेटा, दोन शब्द. तोवर नवरी मागच्या खोलीत उकाड्यात जरीच्या ओझ्याखाली बसलेली असते, सकाळपासून नीट खाल्लेलं नसतं. मांडवातल्या प्रत्येक सरपंचाला, सभापतीला माईक मिळतो. तिला मिळतो तो उखाण्यापुरता, आणि उखाण्यात तिनं घ्यायचं असतं ते त्याचं नाव. २०२५ साली पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत मराठा समाजाच्या बैठका होऊन लग्नासाठी आचारसंहिता ठरल्या. पाहुण्यांची गर्दी, डीजे, प्री-वेडिंग, हुंडा यांवर बोललं गेलं. ते फार आधी व्हायला हवं होतं. पण खर्च आटोपला म्हणजे लग्न मुलीचं झालं, असं मात्र होत नाही.

मराठीचं एक भाग्य असं की तिच्यातल्या काही नवऱ्या मुलींनी पुढं लिहून ठेवलं. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांचं दुसरं लग्न झालं. नवरा एकतीस वर्षांचा, विधवाविवाहाचा कैवारी, वडिलांच्या हट्टापुढं हरलेला. नवरी अकरा वर्षांची यमुना कुर्लेकर, लग्नानंतरची रमा. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली आलेल्या पुस्तकात रमाबाईंनी त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. घरात दुःखाचा आणि अवघडलेपणाचा दाब आहे आणि मधे ती मुलगी, जिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचे वडील गावी परतल्यावर नवऱ्यानं तिला जवळ बोलावून विचारपूस केली, माझं नाव तुला माहीत आहे का, लिहिता-वाचता येतं का, असं विचारलं, आणि लगेच अक्षरओळख सुरू केली. मला या प्रसंगात शिक्षणाइतकंच ते विचारणं महत्त्वाचं वाटतं. विवाहातलं अंतर, वय, जबरदस्ती, काहीच त्यानं पुसलं जात नाही. तरी त्या घरात आल्यावर कुणीतरी तिला प्रश्न केला, आणि म्हातारपणाकडे झुकतानाही ती तो विसरली नव्हती.

पुढच्याच वर्षी, १८७४ साली, कल्याणची आणखी एक यमुना नऊ वर्षांची असताना गोपाळराव जोशींशी लग्न होऊन आनंदी झाली. हीच आपली पहिली डॉक्टर आनंदीबाई. १८८० साली मनकर्णिका गोखले लक्ष्मी झाली, म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं जातं, पेढे वाटले जातात, आणि एक नाव संपतं. आपण आनंदीबाई, रमाबाई, लक्ष्मीबाई ही नावं अभिमानानं घेतो. त्या दोन यमुनांना आणि त्या मनकर्णिकेला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही. आजही कायदा मुलीला नाव बदलायला लावत नाही. रीत लावते.

याच १८८० सालात बांकीपूरला आणखी एक लग्न झालं. नवरीचं वय बावीस, आईबाप दुष्काळात गेलेले, संस्कृतची पंडिता. रमाबाई डोंगरे आणि बिपिनबिहारी दास मेधावी यांनी १८७२ च्या कायद्याखाली नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तिथं देणारं कुणी नव्हतं. तिनं स्वतः सही करायची होती. सहीसाठी हात सैल सोडून चालत नाही, लेखणी धरावी लागते. ही बाई पुढं आमच्या शेजारी आली. भांडगावापासून केडगाव हाकेच्या अंतरावर, आणि केडगावचं मुक्ती मिशन हे पंडिता रमाबाईंचं. दुष्काळातून, वैधव्यातून, टाकून दिलेल्या अवस्थेतून आलेल्या बायका-मुलींना त्यांनी इथं थारा दिला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी इथंच देह ठेवला. लहानपणी आम्ही त्या आवाराकडे ‘मिशन’ म्हणून लांबून बघायचो. तिथल्या बायकांना लग्नानं काय दिलं आणि काय घेतलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. रमाबाईंच्याच शारदा सदनात शिकलेली एक बालविधवा, गोदूबाई, ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. पहिलं लग्न आठव्या वर्षी झालेलं, काही महिन्यांत नवरा गेलेला. एकाच बाईच्या आयुष्यात दोन लग्नदिवस, एक न कळत्या वयातला आणि एक समजून उमजून पाऊल टाकलेला. ‘माझे पुराण’ हे त्यांचं आत्मचरित्र प्रत्येक उपवर मुलीच्या हातात द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ मुद्दा. नवरीला विचारायचं ही कल्पना बाहेरून आणलेली आहे, असं जे म्हणतात त्यांनी पुण्याकडेच बघावं. ज्या १८७३ सालात अकरा वर्षांची यमुना बोहल्यावर चढली, त्याच सालात २५ डिसेंबरला सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकारानं पहिला सत्यशोधक, म्हणजे भटजीवाचून लागलेला, विवाह झाला. जोतीराव फुल्यांनी या विवाहासाठी जी मंगलाष्टकं रचली, ती वधू आणि वर आळीपाळीनं म्हणतात. त्यांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते, वराकडून वचन मागते आणि वर सगळ्यांसमक्ष ते देतो. साधी, मराठीतली, मांडवातल्या माणसांना कळणारी भाषा. पुणे जिल्ह्यात, आपल्याच कुणबी-माळ्यांच्या घरांत हे घडलं, ओतूरपर्यंत पोचलं, भिक्षुकांनी त्यावर कोर्टकचेऱ्या केल्या. आणि आज त्याच जिल्ह्यात आम्ही संस्कृतातली किंवा सिनेमाच्या चालीवरची मंगलाष्टकं ऐकतो, त्यांत नवरीला तोंड नसतं.

गावातही बघा. शेजारच्या मुसलमान घरात निकाह असतो तेव्हा मुलीला साक्षीदारांसमोर कबूल आहे का विचारतात. बौद्ध वाड्यात वधूही वराच्या बरोबरीनं प्रतिज्ञा घेते. केडगावच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात दोघांनाही विचारलं जातं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्न करणारे दोघं निबंधकासमोर एकमेकांना उद्देशून स्वीकाराचं वाक्य उच्चारतात. आमच्या मांडवात सप्तपदी चालायची, आणि चालताना कुठं जायचं ते भटजी सांगणार. कन्यादान हा हिंदू लग्नाचा अनिवार्य विधी नाही, असं २०२४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो तसा नाहीच. तरी ‘दान’ या शब्दावाचून आमचं लग्न पुरं होत नाही.

‘कबूल’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीनं मनापासून म्हटलेलं असतं, असं मी मानत नाही. पाचशे माणसं जेवायला बसलेली असताना कोण नाही म्हणेल? पण जिथं प्रश्न आहे तिथं ‘नाही’ला निदान जागा आहे. जिथं प्रश्नच नाही तिथं गप्प बसण्यालाच होकार म्हणतात.

बाया मात्र कधीच गप्प नव्हत्या. हळद जात्यावर दळताना, घाणा भरताना त्यांनी सगळं बोलून ठेवलं आहे. लेकीचं जाणं, आईचा तुटणारा जीव, सासरचा धाक, भावाची वाट. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतल्या पुष्कळ पुणे जिल्ह्यातल्या गावांमधल्या आहेत. लग्नाबद्दल बायकांना काय वाटतं याची एवढी मोठी साक्ष आपल्याकडे आहे, पण ती पहाटेच्या अंधारात, पुरुष उठायच्या आत दिलेली आहे. दिवस उजाडला की बोलणं भटजीचं आणि मान्यवरांचं. आता जातं गेलं, हळद पुडीतून येते, आणि डीजेच्या आवाजात कुणाला काही म्हणायचं असेल तरी ऐकू जात नाही.

विचारलं न जाणाऱ्यांत नवरीबरोबर आणखी एक बाई असते. माझी चुलती विधवा होती. आई आजारी असायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घातलं ते तिनंच. हळदीच्या वेळी पाच सवाष्णी पुढं झाल्या आणि ती मागच्या दारी चुलीपाशी पोळ्यांचं पीठ तिंबत राहिली. ती येत का नाही, असं मी विचारलं नाही. मला विचारलं नाही म्हणून आज लिहिते आहे, पण मीही विचारलं नाही, आणि याचं दुःख मला माझ्या लग्नातल्या इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आहे. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं थांबवायचं ठरलं. राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाचा कागद ग्रामपंचायतीत असतो, हळदीचा पाट घरात. तिथं तिला हाताला धरून आणून बसवावं लागतं, आणि ते काम नवरी करू शकते. त्या एका दिवशी तिचं म्हणणं कुणी मोडत नाही, फक्त ते तिनं म्हणावं लागतं आणि त्याआधी कुणीतरी तिला विचारावं लागतं.

 तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघतात. ज्यांच्या घरात यंदा कार्य आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पत्रिका छापायला टाकण्याआधी, बस्ता बांधण्याआधी, कार्यालयाला आगाऊ पैसे देण्याआधी एक संध्याकाळ काढा. दार लावून घ्या. मुलीला समोर बसवा आणि विचारा: हे लग्न तुला हवं आहे का, नाव बदलायचं आहे का, हळद कुणाच्या हातून लावून घ्यायची आहे. विचारल्यावर ती लगेच बोलणार नाही. तिला कधी सवयच लावलेली नाही. ती बोलेपर्यंत थांबा.