कमवा, पण किती वेळ?

पहाटे पाचच्या सुमाराला बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पेपरचे गठ्ठे सुटतात. सोळा-सतरा वर्षांची मुलं उकिडवी बसून अंकांत पुरवण्या घालतात, पिशव्या सायकलला अडकवतात आणि आपापल्या लाइनवर निघतात. महिनाअखेरीला बिलं घेऊन दारोदार हिंडतात. ‘सुट्टे नाहीत, उद्या ये’ म्हणणाऱ्या काकांकडून उर्मटपणा न करता पैसे वसूल करायला ती तिथंच शिकतात. पण या कामाचा सगळ्यात मोठा गुण मला वेगळाच वाटतो. ते सातला संपतं. लोकांना पेपर सकाळच्या चहाबरोबर हवा असतो, म्हणून पोरगा पहिल्या तासाला वर्गात असतो.

धंदा मंदावला, वडिलांचा ओव्हरटाइम बंद झाला की घरात पहिली काटछाट मुलांच्या खर्चाला लागते. बसचा पास, क्लासची फी, बूट. अशा वेळी आपल्या पासाचे पैसे आपण भरणारा मुलगा घराचा भार तर हलका करतोच, शिवाय शाळा सोडावी लागण्याची वेळही पुढे ढकलतो. म्हणून अडचणीच्या काळात पोरांनी काम करू नये, हे मला पटत नाही.

धोका आहे तो तासांचा. मंदीत मालकालाही स्वस्तातला माणूस हवा असतो. दोन तासांसाठी ठेवलेल्या मुलाला ‘आज जरा थांब’ म्हणता म्हणता रात्री शटर ओढेपर्यंत थांबवलं जातं. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा नववी-दहावीची कितीतरी मुलं भाजीच्या गाड्यांवर आणि गॅरेजमध्ये गेली. शाळा उघडेपर्यंत, एवढंच ठरलं होतं. शाळा उघडल्या तोवर काही घरांचं किराणा-भाडं त्यांच्याच पगारावर चालू लागलं होतं. ती मुलं आळशी नव्हती. घरी परत जायची वेळ त्यांना कुणी ठरवूनच दिली नव्हती.

कर्मवीर भाऊराव पाटलांची थोरवी मला इथं दिसते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं. गरीब घरांतली, सगळ्या जातींची मुलं तिथं एका पंगतीत जेवत आणि शेतात राबत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही ‘कमवा आणि शिका’ याच पायावर. या योजनेत कष्टांइतकीच आणखी एक गोष्ट मोलाची होती: काम देणारा आणि परीक्षेची काळजी वाहणारा एकच होता. पीक कितीही घाईला आलं, तरी पोराच्या अभ्यासाची चिंता मालकालाच. बाजारातल्या मालकाला ती का असावी?

म्हणून ती कायद्याने घ्यावी लागते. अमेरिकेत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवशी तीन तास आणि शाळेच्या आठवड्यात अठरा तास, याहून जास्त काम देता येत नाही. आपल्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली (घरचा धंदा आणि कलाक्षेत्र यांचे अपवाद सोडून) आणि अठरापर्यंतच्यांना धोक्याच्या कामांपासून दूर ठेवलं. पण दुकानाच्या गल्ल्यामागे उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाची वेळ कोण पाहतं?

आणि आपणही थोडं बदलायला हवं. न्यू जर्सीतला भाचा आइस्क्रीमच्या दुकानात उभा राहतो, हे आपण कौतुकाने सांगतो. पुण्यातल्या आपल्या मुलीने स्टेशनरीच्या दुकानात दोन तास बसायचं म्हटलं, तर ‘आम्ही आहोत ना, तू फक्त अभ्यास कर’ म्हणतो. या एका वाक्याने ती मुलगी व्यवहाराला पारखी होते आणि अर्धवेळ काम म्हणजे गरजूंची लाचारी, असा शिक्का बसतो. मग त्या कामाचे तास, मोबदला, सुट्टी याबद्दल बोलायला कुणी उरत नाही. ज्यांच्या शब्दाला वजन आहे, त्यांची मुलं तिथं नसतात.

कॉलेजांतल्या ‘कमवा आणि शिका’सारखी कामं अकरावी-बारावीलाही मिळायला हवीत. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, प्रयोगशाळा आवरणं, सोसायटीतल्या आजी-आजोबांची बिलं भरून देणं. दिवसाला दोन तास, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी आणि पैसे मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येतील अशी खाती बँका उघडून देतात. आपल्याकडे कमी पडतात ती त्या खात्यात महिन्याला काही भरू शकतील अशी, वेळेवर संपणारी कामं.